औषधाची बाटली आणि हातातला फोन



"औषधाची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका," हे वाक्य भिवंडी तालुक्यातल्या गावागावांत मी किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. कृषी पदवी घेऊन या खात्यात आलो त्याला आता तीस वर्षे होत आली. भाताचे राब भाजण्यापासून वालाच्या पेरणीपर्यंत जे जे सांगायचे ते सांगत आलो, आणि प्रत्येक सभेच्या शेवटी बाटलीचे हे वाक्य ठरलेलेच. ऐकून ऐकून तुम्ही कंटाळला असाल. पण गेल्या आषाढात माझ्याच घरी जे घडले, त्यामुळे हे वाक्य आधी मलाच पुन्हा शिकावे लागले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकावी लागली. ती तुमच्याही घरातली आहे, म्हणून आज हा लेख.

आमचे घर पडघ्याकडच्या एका गावात आहे. मुलगा जवळच्या गोदामात नोकरीला जातो, सूनबाई घर आणि शेत दोन्ही सांभाळते, आणि सहा वर्षांचा एक नातू आहे. लावणीचे दिवस होते. माणसे मिळत नव्हती, तेव्हा सुट्टी घेऊन मीही खाचरात उतरलो होतो. सूनबाई मुठी बांधत होती, सौ. चुलीपाशी होती. नातू मात्र सारखा "आजोबा, मी येतो" म्हणून चिखलात पाय घालायला धावे. पाऊस जोराचा होता. शेवटी मी काय केले, तर त्याला पडवीत बसवले, माझा फोन त्याच्या हाती दिला आणि यंत्राने भाताची लावणी कशी करतात त्याचा एक व्हिडिओ लावून दिला. "हे बघ, तुला कळेल शेती," असेही वर म्हणालो. नातू गप्प बसला. मला बरे वाटले आणि मी कामाला लागलो.

तासाभराने सौ.ची हाक आली. "अहो, लवकर या! या पोराच्या अंगाला कसला वास येतो बघा!"

धावत आलो. पडवीत एक पेला, त्यात कपडे धुण्याची पूड, पाणी आणि फेस. शेजारी भेंडीवरच्या तुडतुड्यांसाठी आणलेल्या औषधाची अर्धी बाटली, झाकण उघडलेली. फवारणी झाल्यावर ती मीच खिडकीत ठेवली होती, उद्या पेटीत ठेवू म्हणून. तो उद्या आठ दिवस उगवला नव्हता. पोराचे दोन्ही हात आणि गाल भरलेले होते. फोनवर अजून चित्रे चालूच होती. कोणी एक मोठा मुलगा रंगीत पाण्यात साबण मिसळून फेसाचे डोंगर करून दाखवत होता.

बाटली आत नेली आणि पोराचे कपडे काढून त्याला न्हाणीत घेतले. साबण लावून भरपूर पाण्याने हातपाय धुतले, डोळ्यांवर स्वच्छ पाण्याची धार धरली. "प्यायलास का रे? तोंडात घातलेस का?" असे दहा वेळा विचारले. तो घाबरून रडत होता आणि मान हलवत होता. मग त्याला आणि ती बाटली दोन्ही घेऊन आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी बाटली मागितली. तिच्यावरचे नाव, निळा त्रिकोण आणि खाली छापलेला उतारा वाचला. संध्याकाळपर्यंत पोराला नजरेखाली ठेवले. पोटात काही गेले नव्हते. आम्ही त्याला घेऊन घरी आलो.

रात्री मुलगा कामावरून आला. सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "बाबा, तुम्ही गावाला शिकवता ना?" मला उत्तर देता आले नाही. बाटली माझी, फोन माझा, आणि पोर ज्याच्या भरवशावर सोडले तो माणूसही मीच.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. बाटलीची चूक उघड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याची पेटी आणली, कुलूप लावले आणि किल्ली सौ.कडे दिली. पण फोनचे काय? तो व्हिडिओ वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यात शिवी नव्हती, मारामारी नव्हती. एखादा मोठा माणूस शेजारी असता, तर त्या खेळात पोराने चार गोष्टी शिकल्या असत्या. शेजारी कोणी नव्हते, एवढेच. आणि सहा वर्षांच्या मुलाला काय कळणार? आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. ताप आला की आजी त्यालाही औषधच देते.

माझे लहानपण आठवा म्हटले, तर तुमच्यातल्या पन्नाशीच्या वाचकांना आपले स्वतःचेच लहानपण आठवेल. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या गावात टीव्ही आला तो त्याच्या कितीतरी नंतर, आणि तोही एकाच घरी. संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागले की मोठी माणसे पुढे बसत आणि आम्ही पोरे खिडकीत लटकत असू. मुलांसाठी 'किलबिल' लागे. कार्यक्रमाची वेळ ठरलेली, आणि तो संपला की संपला. समोर काय चालले आहे ते साऱ्या आळीला दिसे. एखादे भलते चित्र आले तर कोणीतरी काका उठून उभाच राही. तेव्हा आम्ही फार शहाणे होतो असे नाही. फक्त मूल एकटे पाहत नव्हते, आणि पाहण्याला शेवट होता.

फोनने नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतल्या. पडदा तळहाताएवढा झाला, म्हणून तो एकट्याचा झाला. आणि एक चित्र संपण्याआधीच दुसरे तयार असते, म्हणून त्याला शेवट राहिला नाही. हे आपोआप कसे होते, तेही सांगतो. यूट्यूबसारख्या सेवेवर आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, कशावर बोट ठेवले, याची नोंद राहते. त्या नोंदीवरून यंत्र पुढचे चित्र सुचवते. मूल जिथे जास्त वेळ थांबते, तिथले आणखी त्याच्यापुढे येते. ते त्याच्या भल्याचे आहे का, हे त्या हिशेबात आईबापांसारखे कोणी तपासत नाही. आपल्या घरांत तर एक फोन चार जण वापरतात. बापाने रात्री जे पाहिले, त्याच्या जातीचे चित्र सकाळी मुलाच्या पुढ्यात येऊ शकते. कारण खाते एकच, आणि यंत्राच्या लेखी माणूसही एकच.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून आपणच मुलांच्या हातात फोन दिले. कित्येकांनी त्यासाठी उसने पैसे काढले, शेळी विकली. तेव्हा त्याला इलाज नव्हता. शाळा उघडल्या, पण हातातला फोन काही सुटला नाही.

आता यावर उपाय काय? फोन फोडून टाका असे मी सांगणार नाही. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, पीक विम्याची नोंद, पोरांचा शाळेचा निरोप, सारे आज फोनवर येते. माझी अर्धी नोकरी त्यावर चालते. कीड दिसली की सगळे शेत पेटवून देत नाहीत. कीड ओळखायची, रोज पाहणी करायची, आणि जेवढे लागेल तेवढेच करायचे. इथेही तीच रीत चालवू.

पहिली गोष्ट म्हणजे लहान मुलांसाठी वेगळे दालन असते, हे माहीत करून घ्या. यूट्यूब ही सेवा २००५ साली सुरू झाली. तिने फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' नावाचे निराळे ॲप काढले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये ते आपल्या देशात आले. ते फुकट मिळते. ते उतरवून घेताना मुलाचे वय विचारले जाते. चार वर्षांपर्यंतची, पाच ते आठ वर्षांची आणि नऊ ते बारा वर्षांची, असे मुलांचे तीन गट आहेत. त्यातही 'फक्त मी मंजूर केलेले' अशी एक सोय आहे. ती लावली की आईबापांनी निवडलेल्या चित्रांपलीकडे मुलाला काही दिसत नाही आणि शोधही घेता येत नाही. माझ्या मते दहा वर्षांखालच्या मुलाला हीच सोय उत्तम. आपण बियाणे निवडून, मिठाच्या पाण्यात बुडवून, वर तरंगणारे पोचट फेकून देतो ना, तसेच हे आहे. कष्ट एकदाच, सुरुवातीला.

त्या ॲपमध्ये घड्याळ लावता येते. वेळ भरली की ते स्वतःच बंद होते. पोराशी भांडायचे काम यंत्रच करते. शोधाची खिडकी बंद ठेवता येते. नको असलेला व्हिडिओ किंवा सबंध चॅनेल अडवता येतो. मुलाने काय पाहिले त्याची यादी पाहता येते. या सगळ्याला आपला गुप्त आकडा घालता येतो. तो आकडा मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका. आजकालची पोरे तेवढा हिशेब चुटकीसरशी करतात.

पण हे दालन म्हणजे देवाचा गाभारा, असेही समजू नका. २०१७ साली जगभर बोभाटा झाला होता. मुलांच्या लाडक्या कार्टूनांची सोंगे घेऊन काढलेले भीतीदायक आणि घाणेरडे व्हिडिओ मुलांपर्यंत, काही तर मुलांच्या दालनापर्यंतही पोचले होते. त्यानंतर चाळणी बारीक केली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये, मुलांची माहिती आईबापांना न विचारता गोळा केल्याच्या आरोपावरून, अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांशी झालेल्या तडजोडीत गुगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. जानेवारी २०२० पासून मुलांसाठी म्हणून ठरवलेल्या व्हिडिओंवर मुलाच्या पाहण्याचा माग काढून दाखवलेल्या जाहिराती आणि खालचे शेरे बंद झाले. सांगायचा मुद्दा असा की चाळणी कितीही बारीक असली तरी एखादा खडा निसटतोच. म्हणून भात निवडणारी बाई चाळल्यावरही सुपात हात फिरवते.

दुसरी गोष्ट त्रिकोणाची. औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण तुम्ही ओळखता. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा असला म्हणून तेही कोणी पीत नाही. तशाच खुणा आता चित्रपटांच्या आणि मालिकांच्या सेवांवर आहेत. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा सेवांना प्रत्येक कार्यक्रमावर वय लिहावे लागते. सर्वांसाठी असेल तर 'यू', नंतर 'यू/ए ७+', 'यू/ए १३+', 'यू/ए १६+', आणि फक्त मोठ्यांसाठी असेल तर 'ए'. तेरा वर्षांच्या आणि त्यावरच्या गटातील कार्यक्रमांना आईबापांना कुलूप लावता यावे, अशी सोय ठेवणेही त्यांना बंधनकारक आहे. तेव्हा मुलासाठी वेगळे नाव उघडा, मोठ्यांच्या नावाला आकड्याचे कुलूप लावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कोणीही उठून टाकलेल्या साध्या व्हिडिओवर असा त्रिकोण नसतो. तिथे आपले डोळे हाच त्रिकोण.

तिसरी गोष्ट मात्रेची. शिफारशीपेक्षा जास्त युरिया टाकला की भात हिरवागार दिसते, पण लोळते आणि त्यावर रोगही लवकर येतो. मुलांच्या बाबतीत मात्रा किती, हे जाणत्यांनी सांगून ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तर अधिक चांगले. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत असे की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, फक्त दूरच्या आप्तांशी तोंड पाहून बोलण्यापुरता चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. आपली मुले किती पाहतात, ते घड्याळ लावून एक दिवस मोजा. आम्ही मोजले. नातवाचे साडेतीन तास भरले. मग सूनबाईच्या सांगण्यावरून माझेही मोजले. ते मी इथे लिहीत नाही.

ही गोष्ट एकट्या घराने करणे जड जाते, कारण आपला फोन बंद केला तरी शेजारच्या ओटीवर तो चालूच असतो. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची हकीकत सांगतो. कडेगाव तालुक्यातले तीनेक हजार वस्तीचे हे शेतकऱ्यांचे गाव. करोनानंतर मुलांचे अभ्यासात लक्ष लागेना, शाळेतून आली की ती फोन घेऊन बसत, अशी शिक्षकांची तक्रार होती. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावातल्या महिलांच्या सभेत विषय निघाला आणि सरपंच विजय मोहिते यांनी तो तडीस नेला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. वाजला की घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे, असा ठराव झाला. सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि लोकांना ते पटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना फोन देऊ नये, असा ठराव केला.

या दोन ठरावांत मला वडगावचा अधिक पटतो. तिथे बंदी फक्त मुलांवर नाही. भोंगा वाजला की बापानेही फोन खाली ठेवायचा आहे, आणि आईनेही मालिका सोडायची आहे. मोठ्यांनी केलेले मूल करते, सांगितलेले करीलच असे नाही.

हा विषय मी एकदा शेतीशाळेत काढला. करप्याची पाहणी झाली होती आणि बायामाणसे बांधावर बसली होती. एक ताई म्हणाल्या, "साहेब, तुमचं खरं. पण मी लावणीला गेले, सासू अंथरुणावर, मालक गोदामात. पोराला सांभाळायला फोनशिवाय आहे कोण?" दुसऱ्या म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. तो काय बघतो, ते मला कसं कळायचं?"

मला वाटते, या दोन प्रश्नांना उत्तर दिल्यावाचून बाकीचे बोलणे फुकट आहे.

पहिल्या ताईंना मी म्हणालो, जिथे इलाज नाही तिथे फोन द्या, पण काय लावायचे ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. निवडलेली चार चित्रे फोनमध्ये उतरवून ठेवायची, इंटरनेट बंद करायचे आणि मग फोन द्यायचा. चार चित्रे संपली की पुढे काही येत नाही. पैसेही वाचतात. लावणीच्या दिवसांत आळीतल्या चार घरांनी मिळून एका आजीकडे मुले ठेवली तर आणखी चांगले. सावडीने शेताची कामे करतोच, मुलेही सावडीने सांभाळू.

दुसऱ्या ताईंना म्हणालो, वाचता येत नसले तरी ऐकू येते ना? मग कानात घालायच्या वायरी लहान मुलाला देऊ नका, आवाज मोकळा राहू द्या. चूल फुंकतानाही कळते की आत गाणे चालले आहे की किंकाळ्या. आणि मुलाच्या तोंडाकडे बघा. तुम्ही जवळ येताच फोन उलटा ठेवतो का? रात्री दचकून उठतो का? जेवणावरून लक्ष उडाले का? वासराने चारा सोडला तर तुम्ही पुस्तक न वाचता ओळखता. ॲपची कुलुपे लावायला शाळेतल्या बाईंची किंवा कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याची मदत घ्या. त्यात लाज कसली?

आणखी एक सांगतो, कारण ते राहून गेले तर पश्चात्ताप होतो. मुलाने काही भलते पाहिले, कोणी अनोळखी माणूस त्याच्याशी फोनवर बोलू लागला, फोटो मागू लागला, तर मुलाने ते घरी येऊन सांगितले पाहिजे. आणि ते तेव्हाच सांगेल, जेव्हा सांगितल्यावर मार बसणार नाही अशी त्याची खात्री असेल. पहिला शब्द "बरे केलेस सांगितलेस" हाच असू द्या. असे काही घडले तर तो संदेश पुसून टाकू नका, तो पुरावा असतो. पोलीस ठाण्यात जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. फोनवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे देवघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पैसे देण्याच्या ॲपला वेगळे कुलूप हवेच. खेळताखेळता लहान बोट कुठे पडेल, त्याचा नेम नसतो.

सरकारही याकडे वळले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या देशात माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईबापांची खात्रीशीर संमती घ्यावी, मुलांच्या मागावर राहून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवू देण्यास कंपन्यांना मनाई केली. हे चांगलेच आहे. पण कायदा हा गावाच्या वेशीवरचा रखवालदार आहे. आपल्या परसातले कवाड आपल्यालाच लावावे लागते.

आता आमच्या घरी काय बदलले ते सांगून थांबतो. फोन पाहायचा तो पडवीत, सर्वांसमोर. जेवताना आणि अंथरुणात कोणाच्याच हाती फोन नाही, माझ्याही नाही. नातवाची वेळ संध्याकाळची, अर्धा तास, मी शेजारी बसून. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आता फोनवर फुकट वाचायला मिळतात. त्यातले एखादे पान मी त्याला वाचून दाखवतो. पहिले आठ दिवस त्याने घर डोक्यावर घेतले. सौ. म्हणाली, "त्याला फोन नको आहे, त्याला कोणीतरी जवळ हवे आहे. तुम्ही सुट्टी घेता ती लावणीला. एक दिवस त्याच्यासाठी घ्या." घेतली. त्याला बांधावर नेले आणि खेकड्याचे बीळ दाखवले. त्याने माझ्या हातातला फोन एकदाही मागितला नाही.

पण तो फेसाचा खेळ त्याच्या मनातून गेला नव्हता. एके दिवशी भीतभीतच म्हणाला, "आजोबा, आपण दोघांनी करायचा का?" माझ्या पोटात गोळा आला. तरी सूनबाईने घमेले आणले, पाणी आणि साबण दिला. आम्ही अंगणात बसून फेसाचे डोंगर केले. ते पुरे झाल्यावर त्याला हात धुवायला लावले, आणि पत्र्याच्या पेटीपाशी नेऊन आतल्या बाटल्या लांबूनच दाखवल्या. त्याने त्रिकोण मोजले. मग विचारले, "किल्ली कोणाकडे असते?"

"आजीकडे," मी म्हणालो.

"आणि फोनची?"

मंडळी, तुमच्या घरी फोनची किल्ली कोणाकडे आहे? आज रात्री जेवणे झाली की सगळे मिळून तेवढे ठरवा. उद्या पाऊस उघडला तर बियाणे-खताविषयी बोलायला मी आहेच.